किनाऱ्यावरची रांग

१

लातूरच्या नव्या विश्रामगृहाच्या हॉलमध्ये चार समुद्र टांगलेले होते, आणि ते पुसणं हे व्यंकटीचं रोजचं काम होतं.

जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. नवा जिल्हा म्हटला की नवी कचेरी, नवे साहेब, नव्या जीपगाड्या आणि साहेबांना उतरायला नवं विश्रामगृह. पाऊस मात्र या नव्या जिल्ह्याला कुणी मंजूर करून दिला नव्हता. विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि हॉलमध्ये भिंतभर पाणीच पाणी होतं.

कुणा साहेबांच्या पत्नीनं ही चित्रं मुंबईहून निवडून आणली होती. मूळ चित्रं फ्रान्समधली, कुणा गोऱ्या चित्रकारानं शंभर वर्षांपूर्वी किनाऱ्यावर बसून काढलेली. ही त्यांची छापील नक्कल, गंजगोलाईच्या बाजारातल्या वीरण्णानं सोनेरी पट्टीत आणि काचेत बसवलेली. एकात पांढरे कडे, एकात शिडाच्या होड्या, एकात खडकावर फुटणारी लाट. चौथं सगळ्यांत मोठं, दाराच्या बरोबर समोर. निळंजांभळं पाणी, रुंद वाळू आणि वाळूवर छत्र्या घेऊन उभी असलेली तांदळाएवढी माणसं.

या चित्रांची एक गंमत होती. दारातून पाहिलं तर पाणी हलतंय असं वाटे, वारा सुटलाय असं वाटे. फडकं घेऊन जवळ गेलं की समुद्रही नाही आणि माणसंही नाहीत, नुसते रंगाचे फटकारे. व्यंकटीला पहिल्यांदा ही चक्क फसवणूक वाटली होती. मग सवय झाली.

त्याची माय धोंडाबाई एकदा मुद्दाम बघायला आली होती. विश्रामगृहाच्या मागच्याच खोलीत त्यांचं बिऱ्हाड. दारातच थांबून, दुखऱ्या कमरेवर हात ठेवून तिनं बराच वेळ पाहिलं.

"एवढं पानी!" ती म्हणाली. "अन् ही मान्सं नुसती बघून राहिली? कुनी भरून घेईना?"

"माय, ते खारं असतंय."

"तुला काय ठावं? तू गेलतास का?"

तो गेला नव्हता. त्यांच्या घरातलं कुणीच समुद्रापर्यंत गेलेलं नव्हतं.

२

विश्रामगृहाच्या कुंपणालगत टँकर यायचा. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी नुसतीच वाट बघायला लावायचा. मागच्या वस्तीतल्या बाया उजाडताच आपापली भांडी कुंपणाशी रांगेत लावून ठेवत आणि कामाला निघून जात. भांडं मालकिणीची जागा धरून दिवसभर उभं राही.

भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचं, ही इकडची रीत. दुकानदारच विचारतो, नाव काय टाकू? त्यामुळे टँकर आला की नागुबाई पुढं व्हायची. ती चौथी शिकलेली, आणि आवाज असा की थेट औसा गावाला ऐकू जावा. भांड्यावरचं नाव वाचायची आणि हाक द्यायची, "कोंडाबाईऽ! नंबर आलाऽ!" ज्याचं नाव त्याला पाणी. दुसऱ्याच्या भांड्याला कुणी हात लावायचा नाही. एवढी भांडणं होती, पण हा नियम कुणी मोडला नव्हता.

व्यंकटीच्या घरची घागर तांब्याची होती, मानेशी पोचा आलेली. धोंडाबाईनं उमेदीच्या दिवसांत स्वतःच्या मजुरीतून घेतलेली, आणि काठावर ठोकून घातलेलं नाव तिचंच. तिची कंबर धरली तशी घागर सुनेकडं आली. सिंधू रोज ती रांगेत लावायची आणि तिच्याशेजारी सावलीला बसायची. नागुबाईनं "धोंडाबाईऽ" म्हणून हाक दिली की सिंधू "ओ, आले" म्हणून उठायची, आणि बाया खिदळायच्या.

"सासूचं नावबी उचललीस गं. आता डब्याची किल्लीबी घेऊन टाक!"

भरलेली घागर उचलायला मात्र व्यंकटी स्वतः धावत यायचा. सिंधूला सातवा महिना होता. आधीचं लेकरू पोटातच गेलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा जीव तिच्या पायांत घोटाळत असे. रात्री ती कूस बदलली तरी याचे डोळे उघडत. हे लेकरू नीट जन्माला यावं आणि सिंधू धड राहावी, याखेरीज त्या वर्षी त्याला दुसरं काही नको होतं. पाऊससुद्धा त्यानंतर.

३

एका सकाळी कुंपणाशी कल्लोळ उठला. कोंडाबाईचा हंडा रांगेतून गेला होता. जर्मनचा, ॲल्युमिनियमचा मोठा हंडा, कडीला लाल चिंधी बांधलेला. कोंडाबाई एकटी राहणारी, तोंडानं फटकळ. तिनं सगळ्या वस्तीचा उद्धार केला, दमली आणि रडत बसली.

"आजवर कुनी शिवलं न्हवतं गं भांड्याला," नागुबाई पुन्हापुन्हा म्हणत होती.

त्या दुपारी साहेब लोक दुष्काळ बघायला खेड्यांकडं गेले होते. हॉल रिकामा होता. पंखाही बंद होता आणि बाहेर ऊन असं की कुत्रं सावली सोडेना. व्यंकटीनं चारी काचा कोरड्या कागदानं पुसल्या, दारापर्यंत आला आणि सवयीनं मागं वळून पाहिलं.

चौथ्या चित्रातल्या वाळूवर भांड्यांची रांग लागली होती.

तो आधी हसला. समोरच्या खिडकीतून कुंपण दिसायचं, कुंपणाशी रांग, रांगेचं प्रतिबिंब काचेत. सरळ गोष्ट होती. मग त्यानं खिडकीकडं पाहिलं. टँकर सकाळीच येऊन गेला होता आणि कुंपणाशी धुळीशिवाय काही नव्हतं.

त्यानं खिडकी लावून घेतली, पडदा ओढला. रांग होती तशीच होती. वाळूवरून तिरकी पाण्याकडं गेलेली. छत्रीवाली गोरी माणसं बाजूला सरून तिला वाट देऊन उभी असावीत असं वाटत होतं.

तो जवळ गेला. राखी, विटकरी, पांढरा, असे रंगाचे फटकारे. एका राखी फटकाऱ्याला मोहरीएवढा लाल ठिपका. तो एकेक पाऊल मागं सरला, आणि दाराशी पोचेपर्यंत लाल ठिपक्याची चिंधी झाली.

व्यंकटीच्या बापानं छप्पन साली धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून मांजरा नदीत सोडले होते. देवच ठेवला नाही तिथं भुताला कुठली जागा? असलं काही मनात येणं म्हणजे मेलेल्या बापाला लाज आणणं. डोळ्यांना ऊन लागलं असेल, असं तो स्वतःला म्हणाला, आणि तेवढ्यावर त्याला पटलंही.

४

तरी दुसऱ्या दिवशी तो वीरण्णाच्या दुकानात गेला. वीरण्णा काच कापत होता. त्यानं मानही वर केली नाही.

"अण्णा, त्या मोठ्या चित्रात भांडी होती का?"

"समुद्रावर भांडी कोन नेतंय रे? काच लावायच्या आधी मी सगळं पुसून बघितलोय. वाळू होती, छत्र्या होत्या."

"रांगेत ठेवल्यावानी काई?"

आता वीरण्णानं वर पाहिलं. "व्यंकटी, उन्हात लई फिरून राहिलास का? चित्र ते. कागूद हाय. पानी पी अन् घरला जा."

एवढं मोकळेपणी कुणी पाणी पी म्हणालं, याचंच व्यंकटीला बरं वाटलं.

तो परतला तेव्हा वस्तीतल्या बाया कुंपणाशी गोळा होऊन गप्प उभ्या होत्या. बाया गोळा होऊन गप्प, हेच आधी त्याला खटकलं. कोंडाबाईचा हंडा आपल्या जुन्या जागी उभा होता, चिंधीसकट आणि काठोकाठ भरलेला. टँकर तर आलाच नव्हता.

नागुबाईनं ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकली. "खारं जहर."

"कोंडाबाई कुठंय?" व्यंकटीनं विचारलं.

तिच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. गेली असेल पुण्याला भाच्याकडं, कुणीतरी म्हणालं. जगायला गेली असेल. त्या वर्षी निम्मी वस्ती जगायला गेली होती. माणूस दिसलं नाही तर कुणी विचारत नसे.

बाया पांगल्यावर नागुबाई मागं रेंगाळली.

"एक सांगू का व्यंकटी? दुपारी मी पडले हुते. कुनीतरी कोंडाला हाक मारली. माज्यावानीच, नंबर आला म्हनून. अन् कोंडानं ‘ओ’ बी दिली. टँकर आला म्हनून मी उठून बाहिर आले, तर चिटपाखरू न्हाई."

"सपान पडलं असल," व्यंकटी म्हणाला.

"मला झोपच लागली न्हवती," नागुबाई म्हणाली.

चित्रातली रांग त्या संध्याकाळी एका भांड्यानं पुढं सरकलेली होती. राखी हंडा तिथं नव्हता.

५

आणि मग सिंधूची घागर गेली.

ती सकाळीच पोटाला हात लावून धापा टाकत आली. "आवो, घागर न्हाई. मी नुसतं तोंड धुवाया आत आले. तेवढ्यात न्हाई."

धोंडाबाई चुलीपुढून उठली. "माझी घागर? माझ्या नावाची?" तिला रडूच आलं. "चोराचं वाटोळं हो रं. तीच येक चीज कमावली हुती म्या."

व्यंकटीला ते ऐकू गेलं नाही. तो हॉलकडं पळाला होता.

रांगेच्या शेवटी, सगळ्या भांड्यांच्या मागं, तांब्याचा एक झगझगीत ठिपका होता. मानेशी पोचा होता. तो पोचा त्यानं अंधारातही ओळखला असता, इतक्या वेळा त्याचा खांदा त्यात बसला होता.

व्यंकटी घाबरला. त्यानं दाराची चौकट धरली. घागर रांगेत लावते ती सिंधू. शेजारी बसते ती सिंधू. हाकेला ओ देते ती सिंधू. आणि सिंधूच्या पोटात ते दुसरं.

घागरीपुढं बरीच भांडी होती. एक मडकं, एक डबा, एक कळशी. ती कुणाची, कुणाच्या दारातून उचललेली, हे तो वस्तीत फिरून शोधू शकला असता. कुणाला काय सांगणार होता? ऐकणाऱ्यांनी आधी देवरुषी आणून याच्याच दारात बसवला असता. रोज दुपारी रांग थोडी सरकायची आणि वस्तीतली कुणी ना कुणी बाई जगायला जायची.

६

शेवटी त्यानं चित्र उतरवलं.

मागची भिंत ओली होती. सगळ्या लातुरात थुंकी जमिनीवर टिकत नव्हती, आणि इथं चुना फुगून आला होता. त्यानं बोट लावून हुंगलं. तो वास त्याच्या ओळखीचा नव्हता. त्यानं चित्र भांडारखोलीत नेलं, तोंड भिंतीकडं करून ठेवलं, वर सतरंजी टाकली आणि कडी लावली.

एक दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी तो ताटावरून तसाच उठला. घागर आता कुठवर आली असेल? पुढं अजून भांडी आहेत की संपली? सिंधू पाण्याचा पेला घ्यायला उठली तरी तो ओरडायला लागला. ती रडली.

"तुमाला झालंय काय? लेकरू पोटात दचकून राहिलं माझं."

चित्र दिसत असताना निदान कळत तरी होतं. तिसऱ्या प्रहरी त्यानं आपल्याच हातानं सतरंजी काढली, चित्र परत खिळ्याला अडकवलं आणि न बघता दारापर्यंत चालत गेला. मग वळला.

घागरीपुढं आता एकच मडकं होतं.

त्यानं त्याच दिवशी हदगावला सिंधूच्या माहेरी निरोप धाडला. तिचा भाऊ दगडोबा न्यायला आला. माहेरी बाळंतपणाला जायचं म्हणून सिंधूला आनंद, भावाला आनंद. लवकर का, हे कुणी विचारलं नाही. धोंडाबाई मात्र भाकरी बांधताना म्हणाली, "मी बी जाऊ का रं संगं? तिची माय न्हाई. लेकराच्या येळंला बाईमानूस जवळ पायजे."

"तू गेलीस तर पान्याला कोन बसल, माय?"

"बसल की कुनीबी. येक दिस न्हाई मिळालं तर मरतो का?"

"माय, तू राह्य," तो जरा करड्या आवाजात म्हणाला. "उगं मधी पाय घालू नको."

 धोंडाबाईनं गाठोड्याला आणखी एक गाठ मारली.

७

बसस्टँडवर तो खिडकीचा गज धरून उभा राहिला. घंटी वाजली, गाडी हलली, तरी त्यानं गज सोडला नाही. दगडोबा हसून म्हणाला, "दाजी, सोडा आता. तुमालाबी घेऊन जाऊ का?"

सिंधूनं त्याच्या बोटांवरून हात फिरवला. "आत्याबाईला कमरंचं तेल लावून देत जावा," ती म्हणाली.

गाडी धुळीत दिसेनाशी झाली आणि कितीतरी दिवसांनी व्यंकटीच्या छातीतलं ओझं उतरलं. नांदेड, मग हदगाव. इतक्या लांब कुणाची हाक जात नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. तो पायीच परतला. वाटेत त्याला शिट्टी वाजवावीशी वाटली, म्हणून त्यानं वाजवलीही.

कुंपणाशी कुणी नव्हतं. टँकरही नव्हता. खोलीत जाण्याआधी तो हॉलकडं वळला. एकदा बघून घ्यावं, आणि मग कधी बघू नये, असा त्याचा बेत होता.

दारातून त्यानं पाहिलं. मडकं गेलं होतं. रांगेच्या तोंडाशी, पाण्याला लागून, तांब्याची घागर होती. पुढं कुणी नव्हतं.

"ऱ्हा आता हुबी," व्यंकटी तिला मोठ्यानं म्हणाला. "ती न्हाई हितं. मार कितीबी हाका."

आणि हाक आली.

खिडकी बंद होती. हाक खिडकीकडून आलीच नव्हती. लांबून, वाऱ्यातून यावी तशी, सूर ओढून, खूप बायांनी मिळून दिल्यासारखी.

"धोंडाबाईऽ! नंबर आलाऽ!"

क्षणभर त्याला काही वाटलंच नाही. ही हाक तर रोजचीच होती. या हाकेला सिंधू उठते, आणि सिंधू गाडीत आहे. मग त्याला त्या हाकेतलं नाव ऐकू आलं. सगळी वर्षं कानावर पडलेलं ते नाव त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"माय!" तो ओरडला. "माय, ओ देऊ नको!"

पण मागच्या खोलीतून उत्तर गेलं होतं. त्याच्या मायचाच आवाज, थोडा खुशीतला, हातातलं काम टाकून उठताना यायचा तसा.

"ओऽ! आले, आले. पदर तरी खोचू द्या की!"

तो धावला. खोलीचं दार सताड उघडं होतं. चूल पेटलेली, तव्यावर भाकरी, आणि भाकरीवर पाण्याचा हात फिरवलेला अजून ओला. उंबऱ्यावर घागर होती. काठोकाठ भरलेली. आतलं पाणी आत्ताच कुणी खाली ठेवल्यासारखं अजून हलत होतं. पाण्याच्या कडेनं, काठावर, ठोकून घातलेली ती अक्षरं. त्यानं त्यांवरून बोट फिरवलं. वाचायची गरज नव्हती.

तो हॉलच्या दाराशी परत आला. रांगेत आता एकही भांडं नव्हतं. रिकाम्या वाळूवर, छत्रीवाल्या माणसांपासून दूर, अगदी पाण्याच्या कडेला एक ठिपका वाढला होता. हिरवट लुगड्याचा. वाकलेला. एक हात कमरेवर.

"माय," त्यानं हाक मारली. ती वळली असावी असं त्याला वाटलं. चेहरा दिसेना, म्हणून तो पुढं गेला. दोन पावलांत हात गेला. आणखी पुढं गेल्यावर लुगडं गेलं. काचेला नाक लागलं तेव्हा समोर हिरव्या रंगाचा एक फटकारा होता, बोटाच्या पेराएवढा.

तो तिथंच उभं राहून रडला. मग डोळे पुसून एकेक पाऊल मागं सरत दारापर्यंत आला, कारण माय दिसायची ती तिथूनच.